माऊसची टिचकी का ऐकू येत नाही? ईमेल, एडिटर आणि पुण्याचे रामन

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेले अडखळे काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग बोदवडहून, आमच्या घरच्या ओसरीतून रेकॉर्ड करतोय. मध्येच ट्रॅक्टर गेला तर तेवढं समजून घ्या.

सुरुवात एका प्रश्नापासून. प्रश्न माझा नाही, माझ्या मामांचा. मामा निवृत्त शिक्षक. काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू गेली. आता उजेड आणि अंधार, एवढंच कळतं. दिवाळीत घरी आलो होतो, लॅपटॉप उघडून कामाचे मेल उरकत बसलो होतो. मामा शेजारी खाटेवर. थोडा वेळ गेला आणि ते म्हणाले, "काय करून राह्यला रे? टकटक तर ऐकू येते, पण माऊसची टिचकी एकदाही नाही आली."

म्हटलं, "मामा, मेल वाचतोय."

"माऊसशिवाय?"

"हो, सगळं कीबोर्डवरच."

मामा जरा थांबले. मग म्हणाले, "मंग हे मला का नाही जमनार?"

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी पन्नास वर्षं मागे गेलो. आजचा भाग त्याच प्रवासाचा आहे.

आधी मी काय वापरत होतो ते सांगतो. प्रोग्रामचं नाव ईमॅक्स. तो आहे टेक्स्ट एडिटर, म्हणजे अक्षरं लिहायचं-खोडायचं साधन. प्रोग्रामर त्यात कोड लिहितात. पण त्याच्याच आत बसून मेल वाचता येतो. पत्रांची यादी म्हणजे नुसत्या ओळी. एका ओळीत एक पत्र: कोणाचं, कधी आलं, विषय काय. 'एन' दाबलं की पुढचं पत्र, 'पी' दाबलं की मागचं. 'डी' म्हणजे काढून टाका, 'आर' म्हणजे उत्तर द्या. उत्तर लिहायला नवी चौकट, नवं ॲप काही नाही. ज्या एडिटरमध्ये कोड लिहितो त्याच एडिटरचं एक कोरं पान उघडतं. लिहून झालं की कंट्रोल धरून दोनदा 'सी'. गेलं पत्र.

तुम्ही म्हणाल, हे कशाला? बोटाने स्क्रीन सरकवली की काम झालं ना! बरोबर आहे. पण हे ज्या काळात सुरू झालं तेव्हा सरकवायला काचच नव्हती.

1971 साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी एका कॉम्प्युटरवरून नेटवर्कमधल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर पत्र पाठवलं. माणसाचं नाव आणि मशीनचं नाव यांच्या मध्ये '@' हे चिन्ह घालायची पद्धतही त्यांचीच. त्या काळचे टर्मिनल म्हणजे नुसती अक्षरं. पुढे जो आकार रूढ झाला तो चोवीस ओळींचा, एका ओळीत ऐंशी अक्षरं. चित्र नाही, आयकॉन नाही, माऊस नाही. पत्र लिहायची सोय तर आणखी अवघड. सुरुवातीच्या बऱ्याच मेल प्रोग्रामांमध्ये एक ओळ लिहून एंटर दाबलं की ती ओळ गेली हातची. वर जाऊन चूक सुधारायची तर वेगळा एडिटर उघडावा लागायचा.

मग लोकांनी उलटा विचार केला. मेल प्रोग्राममध्ये एडिटर आणण्यापेक्षा एडिटरमध्येच मेल का आणू नये?

1976 मध्ये एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत ईमॅक्स तयार झाला. रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील ही त्यातली मुख्य नावं. पुढे स्टॉलमन यांनी तो नव्याने लिहिला आणि 1985 पासून जीएनयू ईमॅक्स लोकांना मिळू लागला. त्यात आरमेल नावाचं पत्र वाचायचं साधन होतं. आत्ता सांगितलेली 'एन', 'पी', 'डी', 'आर' ही बटणं आरमेलचीच. आज तुम्ही कॉम्प्युटरवर जीमेल उघडून शॉर्टकट चालू केलेत, तर तिथेही उत्तर द्यायला 'आर'च आहे.

आरमेल एकटा राहिला नाही. 1980च्या दशकाच्या शेवटी जपानच्या मासानोबू उमेदांनी नेटवरच्या चर्चा वाचायला ग्नूस लिहिलं. नॉर्वेच्या लार्स इंगेब्रिग्त्सेन यांनी 1990च्या दशकात ते पार नव्याने उभं केलं आणि त्यात मेलही आणला. काईल जोन्स यांनी व्हीएम लिहिलं. अलीकडे नॉटमच आणि एमयूफोरई आले. ही दोन्ही शोधावर चालतात: फोल्डरमध्ये धुंडाळायचं नाही, शब्द टाकायचा आणि हजारो पत्रांतून हवं ते समोर. मी एमयूफोरई वापरतो. पत्रं आधीच लॅपटॉपवर उतरवलेली असतात, त्यामुळे रेंज गेली तरी वाचन थांबत नाही. उत्तरं लिहून ठेवायची आणि नेट आलं की पाठवायची. खेड्यापाड्यात राहून काम करणाऱ्यांना ही सोय किती मोठी आहे ते वेगळं सांगायला नको.

प्रोग्रामर मंडळींत यावर एक जुना विनोद आहे. जेमी झाविन्स्की नावाच्या प्रोग्रामरचा नियम म्हणून तो ओळखला जातो. प्रत्येक प्रोग्राम फुगत जातो, आणि मेल वाचता येईपर्यंत त्याचं फुगणं थांबत नाही. स्वतः झाविन्स्की ईमॅक्सच्याच एका शाखेवर काम करायचे, तेव्हा ते कोणाला टोमणा मारत होते ते कळतंच.

आता आपल्याकडे येऊ. भारतात ईमेल कधी आला? बहुतेक जण सांगतात 15 ऑगस्ट 1995. पण त्या दिवशी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. मेल त्याच्या बऱ्याच आधी आला होता, आणि त्यात मुंबईचा वाटा मोठा आहे.

1986 मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने अर्नेट हा प्रकल्प हाती घेतला. अर्नेट म्हणजे शिक्षण आणि संशोधनासाठीचं नेटवर्क. त्यात पाच आयआयटी होत्या, बंगळूरची विज्ञान संस्था होती आणि मुंबईत जुहूला असलेलं एनसीएसटी, म्हणजे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र. त्याचे प्रमुख श्रीनिवासन रमणी. सुरुवातीच्या जोडण्यांपैकी एक होती एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यातली. एका मॉडेमने टेलिफोन लावायचा, साठलेली पत्रं ढकलायची, आलेली घ्यायची आणि फोन ठेवायचा. 1989 मध्ये एनसीएसटीतून अमेरिकेपर्यंत कायमची लाइन जोडली गेली. तिचा वेग होता सेकंदाला 9,600 बिट.

हा वेग म्हणजे किती? हिशोब करून बघू. सेकंदाला साधारण 1,200 अक्षरं. तुमच्या फोनमधला पाच एमबीचा एक फोटो त्या लाइनवरून पाठवायला तासाहून जास्त वेळ लागला असता, तोही दुसऱ्या कोणी लाइन वापरली नाही तर. पण दोन हजार अक्षरांचं साधं पत्र? दोन सेकंदांच्या आत. म्हणून तेव्हाचा मेल नुसत्या अक्षरांचा होता. तो हौसेचा प्रश्न नव्हता, त्याशिवाय पर्यायच नव्हता.

मंडळी, ही गोष्ट लक्षात ठेवा: नुसती अक्षरं. मामांच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

याच काळात, 1987 मध्ये, एक मुलगा पुण्याच्या वाडिया कॉलेजातून गणितात पदवी घेऊन पवईच्या आयआयटीत गेला. नाव टी. व्ही. रामन. जन्म पुण्याचा, 1965चा. लहानपणापासून गणिताचं आणि कोड्यांचं वेड. चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी पूर्ण गेली. कारण काचबिंदू. हो, मामांचाच आजार.

नजर गेल्यावर रामन ऐकून शिकले. भाऊ आणि इतर जवळची माणसं पुस्तकं मोठ्याने वाचायची, गणितं सांगायची आणि ते ती डोक्यात सोडवायचे. आयआयटीत त्यांनी एक प्रोग्राम केला. आलेखातली वक्ररेषा कानाने 'बघता' यावी, रेषा वर-खाली जाईल तसा आवाज बदलावा, असा. पुढे ते अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले. गणिताची सूत्रं नीट ऐकता यावीत अशी पद्धत हा त्यांच्या पीएचडीचा विषय. 1994 मध्ये पूर्ण झालेल्या त्या प्रबंधाला कॉम्प्युटर क्षेत्रातला मानाचा एसीएमचा पुरस्कार मिळाला. पद्धतीचं नाव होतं ॲस्टर, आणि तेच त्यांच्या वाटाड्या कुत्रीचं नाव.

मग ते डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. तिथे त्यांनी स्वतःच्या रोजच्या कामासाठी एक गोष्ट बनवली आणि 1995 मध्ये ती सगळ्यांना मोफत दिली. तिचं नाव ईमॅकस्पीक. म्हणजे बोलणारा ईमॅक्स.

आता यात विशेष काय? बोलणारे कॉम्प्युटर आधीही होते. त्यांना स्क्रीन रीडर म्हणतात. पण नावातच घोटाळा बघा: ते स्क्रीन वाचतात. पडद्यावर डावीकडून उजवीकडे जे दिसतंय ते जसंच्या तसं म्हणून दाखवतात. रामन यांनी कॅलेंडरचं उदाहरण दिलंय. पडद्यावर महिन्याचा तक्ता आहे आणि कर्सर 15वर आहे. डोळस माणूस एका नजरेत वर बघतो, महिना कळतो. रकाना बघतो, वार कळतो. स्क्रीन रीडर नुसतं म्हणतो, "पंधरा". किंवा अख्खी ओळ वाचतो, "अकरा बारा तेरा चौदा पंधरा". ऐकणाऱ्याने काय समजायचं? ईमॅकस्पीक सरळ वार, तारीख, महिना आणि वर्ष सांगतो. कारण तो पडद्याला विचारत नाही, कॅलेंडरला विचारतो.

मेलचंही तसंच. यादीतली ओळ डोळ्यांसाठी रचलेली असते: आकडे, खुणा, कंसातली ओळींची संख्या. ईमॅकस्पीकमध्ये 'एन' दाबलं की तो पत्र कोणाचं आणि विषय काय, हे आधी सांगतो. पत्र काढून टाकलं की छोटासा ठरावीक आवाज येतो, शब्द वाया जात नाहीत. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे आवाजांचे रंग. मेलमध्ये आपण समोरच्याची जुनी वाक्यं ठेवून खाली उत्तर लिहितो. ईमॅक्स ती जुनी वाक्यं पडद्यावर वेगळ्या रंगात दाखवतो. ईमॅकस्पीक ती वेगळ्या आवाजात वाचतो. कोण कधी बोलतंय ते कानाला लगेच कळतं, जसं रेडिओवरच्या नाटकात कळतं.

हे रामन यांना जमलं कसं? त्यांनी काय ईमॅक्स पुन्हा लिहून काढला? नाही. त्यांनी तो जवळजवळ हातही न लावता बोलका केला.

भुसावळ स्टेशन डोळ्यांसमोर आणा. गाडी येते, थांबते, जाते. ड्रायव्हर, रूळ, सिग्नल सगळं ठरलेलं. आता त्यात आपण एकच भर घालायची: फलाटावर एक माणूस उभा करायचा. गाडी आली की त्याने मोठ्याने सांगायचं, अमुक गाडी तमुक फलाटावर आली. गाडीत काही बदललं नाही, ड्रायव्हरला तर पत्ताही नाही. ईमॅक्समध्ये नेमकी अशी सोय आहे, तिला ॲडव्हाइस म्हणतात. 'पुढच्या ओळीवर जा' ही आज्ञा दुसऱ्या कोणी लिहिलेली आहे. तुम्ही तिच्या शेपटीला एक चिठ्ठी बांधायची: हे काम झालं की ती ओळ वाचून दाखव. रामन यांनी अशा चिठ्ठ्या बांधत बांधत एडिटर, कॅलेंडर, फाइलींची यादी आणि मेल, सगळ्यांना वाचा दिली. 2007 मध्ये नामवंत प्रोग्रामरांनी सुंदर कोडबद्दल लिहिलेलं 'ब्यूटिफुल कोड' हे पुस्तक आलं. त्यात या कामावर रामन यांचं स्वतःचं प्रकरण आहे.

पण चिठ्ठी बांधायला आधी दार उघडं लागतं. ईमॅक्सचा सगळा कोड उघडा आहे. कोणीही वाचावा, बदलावा, वाटावा. आरमेल आणि व्हीएम लिहिणारे सगळे आपापल्या सोयीसाठी लिहीत होते, अंध वाचकाचा विचार बहुधा कोणाच्या डोक्यात नसेल. तरीही रामन यांना कुठल्या कंपनीला अर्ज करावा लागला नाही, 'आमच्यासाठी पण काहीतरी करा हो' म्हणत वाट बघावी लागली नाही. आज्ञा कीबोर्डवर होत्या, मजकूर अक्षरांत होता आणि कोड उघडा होता. त्यांनी त्यांच्यासाठी स्वतःच केलं. 1999 मध्ये अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयाने ईमॅकस्पीकला आपल्या संग्रहात जागा दिली.

इथे गोष्ट संपली असती तर ती फक्त कॉम्प्युटरवाल्यांची राहिली असती. पण रामन अडोबी आणि आयबीएम करत 2005 मध्ये गुगलमध्ये गेले. थोड्याच वर्षांत त्यांच्यासमोर एक नवी, गुळगुळीत अडचण आली. टचस्क्रीन!

विचार करा. जुन्या फोनवर पाचच्या बटणावर उंचवटा असायचा, बोटाला कळायचं. काचेवर काय कळणार? रामन आणि त्यांचे सहकारी चार्ल्स चेन यांनी एक सोपी युक्ती काढली. तुम्ही काचेवर जिथे पहिलं बोट टेकवाल, तिथे पाच. मग तिथून वर सरकलात तर दोन, खाली आठ, डावीकडे चार, उजवीकडे सहा. बोटाने बटण शोधायचं नाही, बटणांनीच बोटाखाली यायचं. याच सुमाराला, 2009 मध्ये, अँड्रॉइड 1.6 सोबत टॉकबॅक आलं. पुढे ते मोठ्या टीमचं काम झालं, बरंच बदललं. पण आज तुमच्या हातात अँड्रॉइड फोन असेल, तर सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीखाली ते बहुतेक सापडेल. मामांचा फोन त्यावरच चालतो.

आणि आता गंमत ऐका. टॉकबॅकमध्ये एक बोट उजवीकडे झटकलं की पुढची गोष्ट वाचली जाते. डावीकडे झटकलं की मागची. दोनदा टॅप केलं की उघडते. म्हणजे काय झालं? 'एन' आणि 'पी'! काळ्या पडद्यावर चालणारं तेच पुढे-मागे, आता काचेवर. जे मी लॅपटॉपवर बोटांनी करत होतो तेच मामा फोनवर रोज करत होते. दोघांनाही माहीत नव्हतं.

मग मामांना मी ईमॅकस्पीक लावून दिलं का? दिलं. चार दिवस बसलो आम्ही. 'एन', 'पी', 'आर' त्यांनी तासाभरात उचललं. टाइप करायला वेळ लागला, 'जे' आणि 'एफ'वरचे उंचवटे शोधत शोधत. त्यांचे जुने विद्यार्थी इंग्रजी अक्षरांत मराठी मेल लिहितात. यंत्राने ते इंग्रजी थाटात वाचल्यावर मामा हसून हसून लाल. खरं सांगायचं तर त्यांचं रोजचं काम अजून फोनवरच चालतं, व्हॉट्सॲप तिथेच आहे ना. पण लांब पत्राला सविस्तर उत्तर द्यायचं असलं की मला फोन येतो, "ते तुझं टकटकवालं उघडून दे रे."

आता जे खरं बोचतं ते सांगतो. मामांच्या फोनवर एक ॲप आहे, नाव घेत नाही. त्यात पैसे भरायच्या पानावर तीन बटणं आहेत. मामा बोट झटकतात, फोन म्हणतो, "अनलेबल्ड, बटन." पुन्हा झटकतात, "अनलेबल्ड, बटन." तिसऱ्यांदाही तेच. म्हणजे बटणावर चित्र आहे, पण चित्राचा अर्थ कोणी लिहिलेला नाही. डोळ्यांना दिसतंय ना, मग झालं! एकदा चुकीचं बटण दाबलं गेलं आणि सगळं भरलेलं पुसलं गेलं. मामा काही बोलले नाहीत. फोन उलटा करून ठेवला आणि शेजारच्या पोराला हाक मारली. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं शिकवली, त्याने स्वतःचं बिल भरायला पोराची वाट बघायची?

1989च्या त्या हळू लाइनवर नाइलाज होता म्हणून सगळं अक्षरांत होतं. त्या नाइलाजातून एक दार आपोआप उघडं राहिलं आणि रामन त्यातून आत गेले. आज लाइन वेगवान आहे, ॲप चित्रांनी भरलेत, कोड बंद आहे. ॲपच्या कोडमध्ये शिरून मामांना ते बटण स्वतः दुरुस्त करता येत नाही. ते दार आता ॲप बनवणाऱ्यालाच उघडं ठेवावं लागतं. आणि त्याला लागतं किती? अँड्रॉइडमध्ये एका बटणाला नाव द्यायला साधारण एक ओळ.

ऐकणाऱ्यांत जळगावच्या, धुळ्याच्या कॉलेजांत कॉम्प्युटर शिकणारे बरेच जण आहात, तुमच्या मेसेजवरून कळतं. तर गृहपाठ घ्या. आधी टॉकबॅक बंद कसं करायचं ते नीट वाचून ठेवा, नाहीतर मला शिव्या घालाल. मग ते चालू करा, डोळे मिटा आणि एक मेल वाचून त्याला दोन ओळींचं उत्तर पाठवा. किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी ॲप बनवलं असेल तर तेही तसंच चालवून बघा. 'अनलेबल्ड' ऐकू आलं की समजा, तिथे एक ओळ लिहायची राहिलीये.

मामांनी हा भाग प्रकाशित व्हायच्या आधी ऐकला, दीडपट वेगाने. त्यांना तोच वेग बरा वाटतो. म्हणाले, "माहं नाव नाही घेतलं ते बरं केलं. पन बटनाचं मोठ्यानं सांग."

सांगितलं, मामा. मंडळी, भेटू पुढच्या भागात.